माहेरकडून मिळालेली मालमत्ता सासरी न सांगता ठेवता येते का?

ताई, आईच्या पश्चात माहेरची थोडी जमीन आणि बँकेतल्या ठेवी तुमच्या वाट्याला येताहेत, आणि नवऱ्याला हे सांगणं कायद्याने बंधनकारक आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचं कलम 14 सांगतं की स्त्रीला वारसाने मिळालेली मालमत्ता पूर्णपणे तिच्याच मालकीची. नवऱ्याची सही लागत नाही, संमती लागत नाही. मिळालेल्या वारशावर आयकरही नाही. पुढे ठेवींवर येणारं व्याज तेवढं तुमच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. वकिली करताना मला अशा बायका भेटतात, ज्या हक्काचं मिळालेलंही चोरल्यासारखं जपतात. तुम्ही तसं ओझं घेऊ नका.

जमीन मात्र झाकून राहत नाही. वारस नोंदीचा अर्ज दिलात की तलाठी फेरफार, म्हणजे मालकीबदलाची नोंद, धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबावं लागतं. आता तर 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर तालुका आणि गाव निवडलं की हे फेरफार घरबसल्या दिसतात. नोंद मंजूर झाली की सातबाऱ्यावर तुमचं नाव चढतं, आणि सातबारा कुणीही मोबाईलवर पाहतं. गट नंबर ठाऊक नसला तरी नावावरून सापडतो.

म्हणून काही जणी 'तूर्त भावाच्या नावावर राहू दे' म्हणत हक्कसोडपत्र करून देतात. कृपा करून हे करू नका. हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, नोंदलेला दस्त सूची 2 मध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्तांच्या यादीत, उतरतो आणि ती सूची सगळ्यांना खुली असते. म्हणजे गुपित राहत नाही आणि हक्क मात्र जातो.

ठेवींचं सोपं आहे. तुमचं नॉमिनेशन असेल तर मृत्यूच्या दाखल्यावर बँक रक्कम तुम्हाला देते. भावंडांचा वाटा असेल तर तो त्यांना द्यावा लागतो, कारण नॉमिनी हा फक्त विश्वस्त. नॉमिनेशन नसेल आणि बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाचा वारसा दाखला, मागितलं, तर कोर्टात अर्ज करावा लागतो आणि सहसा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. पैसे एकटीच्या नावाच्या नव्या खात्यात घ्या. बातमी फुटते ती बँकेतून नव्हे, तर सासरच्या पत्त्यावर आलेल्या चेकबुकातून, नवऱ्याच्या मोबाईलवर गेलेल्या मेसेजमधून, नाहीतर सगळ्या घराची रिटर्न भरणाऱ्या एकाच सीएकडून.

दोन ठिकाणी गप्प राहता येत नाही. पोटगीचा दावा झाला, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि तिथे लपवणं महागात पडतं. दुसरं म्हणजे गोवा. तिथल्या कायद्याखाली वेगळा करार न करता लग्न झालं असेल, तर वारशाने आलेलंही पती-पत्नीचं सामाईक होतं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण मला सगळ्यात काळजीचं वाटणारं. मृत्युपत्र न करता तुमचं काही बरंवाईट झालं, तर नवरा आणि मुलं सारखे वारस. मूलबाळ नसेल, तर आईवडिलांकडून वारसाने आलेलं त्याच हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15(2) प्रमाणे वडिलांच्या वारसांकडे परत जातं. स्वकमाई तशी जात नाही. 2009 चा ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण निकाल वाचा. त्यातल्या बाईचा नवरा लग्नानंतर तीन महिन्यांत साप चावून गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवून पायावर उभं केलं. ती मृत्युपत्र न करता गेली आणि तिची आयुष्यभराची कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना मिळाली. तेव्हा माहेरचा पैसा पगाराच्या खात्यात मिसळू नका, आणि मृत्युपत्र कराच.

मृत्युपत्र गुप्त ठेवता येतं. सही करताना दोन साक्षीदार लागतात, पण आत काय लिहिलंय ते त्यांना कळायची गरज नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. केलीत तरी तुमच्या हयातीत नक्कल तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्यारालाच मिळते. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे. फक्त ते तिथे आहे, हे एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवा. तुमच्या मागे कुणी अर्ज केल्याशिवाय निबंधक ते पाकीट उघडत नाही.