व्यवसायातले निर्णय घेताना माहिती तंत्रज्ञानाचा उपयोग कसा करावा? डॅशबोर्डवर, म्हणजे आकडे आणि आलेख एकत्र दाखवणाऱ्या स्क्रीनवर, किती विसंबावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात दोन तट पडलेत. जुने लोक म्हणतात अनुभव पुरे, नवे म्हणतात सॉफ्टवेअर घ्या, कारण 'आकडे खोटं बोलत नाहीत'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मी सुट्या भागांच्या एका वितरक कंपनीत स्टॉक बघायचे. ईआरपी, म्हणजे खरेदी, विक्री, स्टॉक सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, नवं होतं. दर महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब प्रोजेक्टरवर 'नॉन-मूव्हिंग'ची यादी लावायचे. तीन महिने विक्री नाही की आयटम लाल, लाल झाला की खरेदी बंद. एकदा त्या यादीत असं एक ऑइल सील आलं, जे काउंटरवर कुणी ना कुणी रोज मागायचं. विक्रीच्या रकान्यात तिन्ही महिने शून्य. मी म्हटलं, शेजारचा क्लोजिंग स्टॉकचा, म्हणजे महिनाअखेर उरलेल्या मालाचा, रकाना उघडा. स्क्रीनवर मावत नाही म्हणून तो लपवून ठेवलेला होता. उघडला, तर तिथेही तिन्ही महिने शून्य!

म्हणजे माल नव्हता म्हणून विकला गेला नाही, आणि विकला गेला नाही म्हणून मागवायचा नाही. साहेबांचं उत्तर: "मॅडम, मागणी असती तर सिस्टिममध्ये दिसली असती." कुठून दिसणार? गिऱ्हाईक फोन करतं, काउंटरवरचा मुलगा "नाही" म्हणून फोन ठेवतो. बिल नाही, म्हणजे नोंद नाही. सील मागवणं बंद झालं. मग त्या सीलबरोबर बेअरिंग नेणारे मेकॅनिकही हळूहळू दुसरीकडे वळले, कारण अर्धी यादी इथे आणि अर्धी तिथे घ्यायला कुणाला वेळ नसतो. डॅशबोर्डवर बेअरिंगचा आलेख उतरला, तेव्हा निष्कर्ष काय निघाला? "बाजार थंड आहे."

हिशोब साधा आहे. समजा महिन्याच्या सुरुवातीला 40 नग आले आणि दहा दिवसांत संपले. सिस्टिम म्हणणार महिन्याची मागणी 40. खरं तर दिवसाला 4 जात होते, म्हणजे माल असता तर 120च्या आसपास गेले असते. विक्रीला महिन्याच्या दिवसांनी नाही, माल हातात होता तेवढ्याच दिवसांनी भागायचं. मी एवढंच मागत होते. एक्सेलमध्ये एक जादा रकाना. त्याला "तुमचं वैयक्तिक मत" म्हटलं गेलं.

हे फक्त छोट्या कंपन्यांत होतं असं समजू नका. 2020 च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या रोजच्या आकड्यांतून कोविडचे 15,841 रुग्ण गळाले होते. कारण माहिती एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात भरली जात होती आणि त्यात 65,536 च्या पुढे ओळच बसत नाही. जे गळालं ते लाल रंगात दिसत नाही, ते दिसतच नाही.

आता तुमचा प्रश्न. गोरी आणि स्कॉट मॉर्टन या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी 1971 मध्ये निर्णयांची जी वाटणी केली ती अजून कामाची आहे: साचेबंद, अर्धवट साचेबंद आणि बिनसाच्याचे. पुन्हा कधी मागवायचं, कुणाची उधारी किती दिवस थकली, हे साचेबंद. ते बिनधास्त मशीनवर सोडा. दर किती ठेवायचा, कुणाला किती उधार द्यायचं, यात मशीनने पर्याय मांडावेत: दर वाढवला आणि विक्री इतकी घटली तर काय उरेल, वगैरे. 1979 मध्ये व्हिसिकॅल्क हे संगणकावरचं सुरुवातीचं स्प्रेडशीट आलं तेव्हापासून स्प्रेडशीटचा खरा उपयोग हाच आहे. एखाद्या मालाची लाइन कायमची बंद करणं मात्र तिसऱ्या प्रकारात येतं, आणि ते काम लाल रंगाचं नाही. सही करणाऱ्याने आधी काउंटरवर उभं राहावं.

सुरुवात 'नाही' म्हटल्याच्या नोंदीपासून करा. तारीख, आयटम, किती नग, कोण. वहीत केली तरी चालेल. डॅशबोर्ड नंतर.

हो, तीही नोंद डोळे झाकून मानू नका. एकच गिऱ्हाईक चार वेळा फोन करतं आणि चार मागण्या दिसतात. सेल्सवाले टार्गेट हुकलं की "माल नव्हता" हे कारण सढळ हाताने लिहितात. आणि अनुभवी म्हणवणाऱ्या लोकांनी हट्टाने भरून ठेवलेला, वर्षानुवर्षं न हललेला मालही मी पाहिलाय. त्या यादीतले बरेच आयटम खरोखरच मेलेले होते, हेही सांगायला हवं. ते सील मात्र मेलेलं नव्हतं.

कोणतं सॉफ्टवेअर, ते मला विचारू नका. तुमच्याकडे रोजच्या नोंदी जो करतो त्याला विचारा. फक्त घेण्याआधी विक्रेत्याला एक रिपोर्ट काढून दाखवायला सांगा: गेल्या तीन महिन्यांत विक्री शून्य आणि स्टॉकही शून्य असलेले आयटम. तो रिपोर्ट नॉन-मूव्हिंगच्या यादीशेजारी, त्याच स्क्रीनवर दिसला पाहिजे.