आईला डिप्रेशन असेल तर मुलांना होतंच का?

होतंच असं नाही भाऊ. तुम्ही लिहिलंय की बहिणीचं जमवायचं चाललंय म्हणून घरचे आईची ट्रीटमेंट लपवायला सांगतात, आपल्याकडे जळगाव-धुळ्याला "घराण्यातच आहे" म्हटलं की लोक तिथंच विषय संपवतात म्हणून नीट सांगतो. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ केनेथ केंडलर वर्षानुवर्षं जुळ्यांवर काम करताहेत, 2006 च्या त्यांच्या स्वीडनमधल्या अभ्यासात डिप्रेशनमधला आनुवंशिक वाटा बायकांत 42 टक्के आणि पुरुषांत 29 निघाला. पण याचा अर्थ बहिणीला 42 टक्के चान्स असा अजिबात नाही, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला तेवढा भाग जीन्समुळे, बाकी आयुष्यात काय काय सोसावं लागलं त्यावर.

आणि 1992 मध्येच त्यांना दिसलं होतं की डिप्रेशन आणि एन्झायटीमागचे जीन्स जवळपास एकच, पुढे कोणतं रूप येतं ते परिस्थितीवर. माझ्याच घरी आईला डिप्रेशन, तर मावशी भुसावळहून गाडी असली की दोन तास आधीच प्लॅटफॉर्मवर, तळहात घामानं ओले.

एकच असा जीन नाही, छोटे छोटे शेकडो आहेत, त्यामुळे रक्त तपासून कुणी सांगत असेल तर पैसे घालवू नका. बहिणीला दोन आठवडे सलग उदास वाटलं, झोप गेली तर सिव्हिलला मानसोपचारवाल्यांना दाखवा, नाहीतर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 ला फोन लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात.