खात्री हवी की हवीच?

‘डबल मार्कर हाय रिस्क आलाय. म्हणजे बाळात दोष आहेच ना?’ गरोदरपणातल्या डबल मार्कर या तपासणीनंतर हा प्रश्न इतक्या जणी विचारतात, की आज त्यातल्या एकीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा तिला तेरावा आठवडा होता. रिपोर्टवर बाळाला डाउन सिंड्रोम, म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्यानं होणारा जन्मजात दोष, असण्याची शक्यता 160 मध्ये 1. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. नवरा परोपरीनं सांगत होता, ‘तू विचारच करू नकोस.’ प्रेमानंच सांगत होता, पण त्यामुळे ती आणखी एकटी पडत होती.

आधी आकडा उलगडला. असा रिपोर्ट येणाऱ्या 160 जणींपैकी साधारण 159 जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम नसतो. 11 ते 14 आठवड्यांमधली ही तपासणी आईचं वय, तिच्या रक्तातले दोन घटक आणि सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागे दिसणारा द्रव यांवरून शक्यता मांडते, निदान करत नाही. एनआयपीटी या आणखी एका रक्ततपासणीत आईच्या रक्तातले वारेच्या डीएनएचे तुकडे तपासतात. ती बरीच अचूक, पण तीही चाळणीच. पक्कं निदान वारेच्या पेशी किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासून होतं. त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो.

तिला सगळं समजलं. दुसऱ्या भेटीत पुन्हा तोच प्रश्न! मग मी आकडे बाजूला ठेवले.

‘दिवसभर काय करता?’

‘वाट बघते. बाळाशी बोलायचे, ते बंद केलंय. खात्री झाल्याशिवाय नाही.’

‘खात्री हवी, की हवीच?’

ती थबकली. ‘हवीच.’

‘कसली?’

‘बाळ पूर्ण निरोगी असल्याची. शंभर टक्के.’

‘ती कुठली तपासणी देते?’

नवरा काही बोलू पाहत होता, मी हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, ‘कुठलीच नाही.’ आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली.

भीती रिपोर्टनं दिली होती, पण झोप नेली होती त्या ‘च’नं. खात्री ‘हवी’ असली की माणूस पुढचं पाऊल शोधतो, ‘हवीच’ म्हटलं की जागच्या जागी गोठतो. मी हे समजावलं असतं तर तिनं नुसती मान डोलावली असती. तो ‘च’ तिचा तिला ऐकू आला, याचं मला आजही समाधान आहे.

पुढची तपासणी करण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारावं: उत्तर कळल्यावर आपण काय करणार? कुणाला आधीपासून तयारी करायची असते, कुणाला गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवायचं असतं, कुणाला पुढे तपासायचंच नसतं. तिन्ही वाटा मी मान्य करते. फक्त एवढं कळकळीनं सांगते, की नुसत्या ‘हाय रिस्क’वर गर्भाबाबतचा निर्णय घेऊ नका. आणि डॉक्टरांना हेही विचारा, की या तपासणीत काय काय कळत नाही.

त्यांनी गर्भजल तपासायचं ठरवलं. रिपोर्टच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. ‘अजून काहीच कळलं नाहीये, मॅडम. पण काल रात्री बाळाशी बोलले.’