औषधी वनस्पती प्रयोगशाळेत वाढवता येतात, तर मग सह्याद्रीतलं नरक्याचं झाड औषधासाठी का तोडलं? आणि घरी छोटी लॅब टाकून हा धंदा करता येईल का?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी दीड वर्ष नरक्याच्या मागे होते. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तेव्हा मी नुसतीच चाचपडले होते.

नरक्याचं पान चुरगळून बघा, नावाचा खुलासा नाकालाच होतो. त्याच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असतं. त्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरवरची औषधं तयार करतात. हे द्रव्य पहिल्यांदा मिळालं ते एका चिनी झाडातून, १९६६ साली अमेरिकेत. ते शोधणाऱ्या जोडगोळीतले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. पुढे आपल्या नरक्यातही ते भरपूर आहे हे कळलं आणि घाटमाथ्यावरच्या जंगलात कुऱ्हाडी पोचल्या.

आता लॅबचं. पानाचा तुकडा मर्क्युरिक क्लोराईडने निर्जंतुक करायचा, लॅमिनारसमोर (गाळलेल्या, जंतुविरहित हवेच्या कपाटासमोर) बसून साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या मीडियावर ठेवायचा. पहिल्या खेपेच्या निम्म्याहून जास्त बाटल्या आठवड्यात बुरशीने पांढऱ्या झाल्या. उरलेल्यांतले तुकडे स्वतःच्याच फिनॉलने काळवंडले, खालचा मीडिया चहासारखा तपकिरी. तीन महिन्यांनी एकदाचा कॅलस, म्हणजे पेशींचा बिनआकाराचा गोळा, धरला: फिकट पिवळा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा. मी मैत्रिणींना पेढे दिले. मग एचपीएलसीला (कुठलं द्रव्य किती आहे ते आलेखावर दाखवणाऱ्या यंत्राला) नमुना लावला, तर आलेखात कॅम्प्टोथेसिनच्या जागी जेमतेम एक टेंगूळ.

गोम इथेच आहे. ही द्रव्यं झाड मुख्यतः स्वतःच्या बचावासाठी बनवतं. बाटलीतल्या पेशीला आयती साखर मिळते, ना कीड ना ऊन, मग ती कशाला खटपट करेल? ती नुसती वाढत बसते. दुसरी अडचण रचनेची. सदाफुलीतलं व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध दोन अर्ध्या भागांचं बनतं आणि त्यातल्या व्हिन्डोलिनच्या शेवटच्या पायऱ्या पानातल्या खास पेशींमध्येच होतात. कॅलसला पानच नाही, तर त्या पेशी कुठून येणार? म्हणून इतकी वर्षं डोकं लावूनही ते औषध पानांतूनच काढावं लागलं.

उपाय आहेत. मिथाइल जॅस्मोनेट किंवा कायटोसान घालून पेशींना हल्ला झाल्याची खोटी वर्दी द्यायची. किंवा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस या जिवाणूकडून केसाळ मुळं काढून घ्यायची, म्हणजे मूळ जे बनवतं ते बाटलीत बनतं.

आणि काही ठिकाणी जमलंही आहे. जपानात मित्सुई कंपनीने १९८३ च्या सुमारास शिकोनिन हे जांभळं-लाल द्रव्य टाक्यांत काढलं. पहिल्या टाकीत पेशी फक्त वाढवायच्या, दुसरीत आहार बदलून त्यांना रंग बनवायला लावायचं. औषधी मुळाचा हा रंग शेवटी लिपस्टिकमध्ये गेला! पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरवरच्या औषधासाठी यू झाडाच्या पेशीही हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवतात. दोन्हीकडे माल महाग, आणि पेशी झाडाबाहेरही तो बनवायला राजी. नरक्याच्या पेशी, निदान माझ्या हाताखाली, राजी झाल्या नाहीत.

म्हणून घरच्या लॅबमधून औषधी द्रव्य काढायच्या फंदात पडू नका. एचपीएलसीच्या एकेका नमुन्याचे पैसे मोजतानाच दम निघेल. त्याच लॅबमध्ये रोपं मात्र करता येतात, आणि रोपांना गिऱ्हाईक आहे. सुरुवात नरक्यापासून करू नका, केळीपासून करा, हात बसेल. ऑटोक्लेव्हऐवजी (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राऐवजी) मोठा प्रेशर कुकर चालतो, बाटल्या जॅमच्या चालतात. झाकण तेवढं कुकरच्या वाफेत वितळणारं नको.