आईसाठी डिजिटल कवळी करावी का? साध्या कवळीपेक्षा ती खरंच घट्ट बसते का?

तुमच्या आईंची खालची कवळी बोलताना उचलली जाते, जेवताना हिरडीला लागते, आणि डॉक्टरांनी आता डिजिटल कवळी (कॉम्प्युटरवर आखून मशिनवर केलेली) सुचवली आहे, ती महाग आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करतो, हातानेही आणि मशिनवरही. माझं मत असं: वरच्या कवळीत फरक जाणवेल. खालच्या कवळीचं दुखणं मात्र बहुतेक वेळा मापात आणि चाव्यात असतं, आणि मशिन ते दुरुस्त करत नाही.

हाताच्या पद्धतीत आम्ही डॉक्टरांच्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल काढतो आणि त्यावर मेणात एकेक दात रचतो. ही मेणाची कवळी पेशंटच्या तोंडात घालून बघितली की ती प्लास्टरमध्ये गाडायची, उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, भरायचं. त्याची पावडर आणि लिक्विड कालवल्यावर बोटांना तार सुटेनाशी झाली की लगेच भरावं लागतं, उशीर झाला तर ते आखडतं. मग साधारण 74 अंशाच्या पाण्यात आठ-नऊ तास शिजवायचं.

यातच आकसणं येतं. नुसतं लिक्विड घट्ट केलं तर त्याचं आकारमान 21 टक्क्यांनी घटतं. पावडर मिसळल्यामुळे ते सहा-सात टक्क्यांवर येतं, पण शून्य होत नाही. शिजलेली वरची कवळी परत मॉडेलवर ठेवली की टाळूच्या मागच्या कडेला कागद सरकेल एवढी फट दिसते. वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर आणि कडेने हवा आत न शिरण्यावर टिकून असते, आणि फट पडते ती नेमकी त्या कडेला. म्हणून आम्ही तिथलं मॉडेल आधीच अंदाजाने थोडं खरवडून ठेवतो. किती खरवडायचं हे हातालाच ठाऊक असतं. 1937 मध्ये दातांच्या कामात ॲक्रिलिक आलं, तेव्हापासून ही कसरत चालू आहे.

मशिनवर कोरलेल्या कवळीत ही कसरत जवळजवळ संपते. ॲक्रिलिकची 98 मिलिमीटर व्यासाची चकती कारखान्यातच दाब आणि उष्णता देऊन घट्ट केलेली येते. जे आकसायचं ते आधीच आकसून झालेलं असतं, मशिन फक्त कोरतं. त्यात बारीक छिद्रं कमी, त्यामुळे डाग आणि बुरशी कमी धरते. न घट्ट झालेलं लिक्विडही कमी उरतं. साध्या कवळीने ज्यांच्या तोंडाची आग होते, त्यांच्यापैकी काहींना याचा फायदा होतो.

पण 'डिजिटल' म्हटलं की ती कोरलेलीच असेल असं धरू नका. थ्रीडी प्रिंटरवरची कवळीही डिजिटलच म्हणवते. त्यात पातळ रेझिन (द्रव प्लास्टिक) प्रकाशाने थरावर थर घट्ट करत जातात, एकेक थर 50 ते 100 मायक्रॉनचा. नंतर अल्कोहोलमध्ये धुऊन पुन्हा प्रकाशाखाली पक्की करायची. माल फारसा वाया जात नाही, खर्च कमी येतो, पण ताकद साधारणपणे कोरलेल्या कवळीपेक्षा कमी. मी स्वतः प्रिंटर ट्रायलसाठी वापरतो. आईंना प्रिंट केलेली कवळी चार दिवस घरी देऊन बोलायला, हसायला लावता येतं, आणि बदल ठरले की मग पक्की कोरायची. मेणाची ट्रायल अशी घरी पाठवता येत नव्हती. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: कोरलेली की प्रिंट केलेली?

दुसरा प्रश्न मापाचा, आणि माझ्या दृष्टीने हा जास्त महत्त्वाचा. दात असलेल्या तोंडात माप घ्यायला स्कॅनर छान चालतो. दात नसलेल्या तोंडात सगळं गुळगुळीत, लाळेने चकाकणारं आणि हलणारं असतं. खालच्या कवळीची कड गाल, ओठ आणि जीभ हलताना त्यांच्या आड न येता बसायला हवी. त्यासाठी डॉक्टर हिरव्या कंपाउंडची (गरम केलं की मऊ होणाऱ्या पदार्थाची) काडी गरम करून माप घ्यायच्या ट्रेच्या कडेला लावतात, गाल ओढतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. स्कॅनरला हे हलणं तसं टिपता येत नाही. म्हणून कितीतरी चांगले डॉक्टर आजही माप हातानेच घेतात आणि आम्ही ते माप लॅबमध्ये स्कॅन करतो. तुमच्या डॉक्टरांनी असं केलं तर त्यांना जुन्या वळणाचे समजू नका, ते योग्यच करत आहेत.

चाव्याचंही तसंच. बरीच वर्षं सैल कवळी वापरलेली माणसं खालचा जबडा नकळत पुढे काढून चावतात. तोच चावा नोंदवला गेला, तर कितीही अचूक कोरलेली कवळी पहिल्याच घासाला सरकणार.

आईंची जुनी कवळी टाकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. ती आतून-बाहेरून स्कॅन करता येते. जिभेला आणि गालांना सवयीचा झालेला आकार तसाच ठेवून फक्त झिजलेले दात आणि सैल पडलेला आतला भाग बदलता येतो. सत्तरीनंतर नव्या आकाराची सवय होणं फार जड जातं, म्हणून मला डिजिटलचा हा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो. जुना हसरा फोटोही न्या. सॉफ्टवेअर मिनिटात दात रचून देतं, पण ते सगळ्यांना एकसारखे, सरळ रेषेत. आईंचा एखादा दात किंचित वळलेला असेल तर तो तसाच ठेवायला सांगा, चेहरा त्यांचाच वाटेल.

कवळीची कॉम्प्युटरवरची फाइल जपून राहते, कवळी हरवली तर पुन्हा कोरता येते. पण हाड झिजत राहतं, त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या फाइलवरची कवळी सैलच बसेल. खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. आईंची खालची हिरडी अगदी सपाट झाली असेल, तर जास्तीचे पैसे दोन इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूंवर) घालता येतील का हे आधी विचारा. खालच्या कवळीला दोन इम्प्लांटचा आधार हा पहिला पर्याय असावा, असं 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडलं होतं. मधुमेह, हाडाची जाडी वगैरे बघून डॉक्टर ठरवतील.

पैशाची ओढाताण असेल तर मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. तिथे कमी खर्चात साधी कवळी होते आणि शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली माप सावकाश घेतात. फेऱ्या जास्त होतील. घाईत माप घेतलेल्या महागड्या कवळीपेक्षा मी ही निवडेन.

आणि कुठलीही घेतलीत तरी बसवल्यानंतर टोचतं तिथे घासून देण्याच्या फेऱ्या त्याच पैशात आहेत का, हे आधीच ठरवून घ्या. घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. टोचायला लागली तर काढून ठेवा, पण तपासायला जायच्या आदल्या दिवशी काही तास घालून जा, म्हणजे हिरडीवरचा व्रण बघून नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना कळतं.