कुठलेही निर्देशक चालतात, म्हणजे पार्श्वभूमी नाही असंच ना?

तुम्ही विचारलंय की, व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, कुठलेही निर्देशक (घटनेची जागा आणि वेळ सांगणारे आकडे) चालतात, म्हणूनच तिला पार्श्वभूमी-निरपेक्ष म्हणतात का? नाही हो. एम.एस्सी.ला असताना मीही हीच गल्लत करायचो, आणि तीही ठासून.

कुठलेही निर्देशक चालणं ही फार स्वस्तातली गोष्ट आहे. एरिख क्रेचमन यांनी 1917 सालीच हा आक्षेप घेतला होता: गणिताची पुरेशी खटपट केली तर जवळपास कुठलाही सिद्धांत तसा मांडता येतो, अगदी न्यूटनचं यांत्रिकीसुद्धा. सपाट कागदावर सरळ जाणाऱ्या कणाचं समीकरण ध्रुवीय निर्देशकांत लिहून बघा. दोन-तीन जादा पदं येऊन बसतात, पण कण आपला सरळच जातो आणि कागदही सपाटच राहतो.

खरी मेख आहे ती या कागदात. विशेष सापेक्षतेतला, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या आधीच्या, गुरुत्वाकर्षण न धरणाऱ्या सिद्धांतातला, मिंकोव्स्कीचा अवकाशकाल (जागा आणि काळ मिळून झालेला सपाट पट) हा असा आयता कागद आहे. त्यावर काहीही ठेवा, तो ढिम्म. व्यापक सापेक्षतेत मात्र मेट्रिक, म्हणजे अंतर आणि वेळ मोजण्याचं मापच, पदार्थासोबत समीकरणं सोडवून काढावं लागतं. पार्श्वभूमी नाही म्हणतात ते या अर्थाने.

1913 मध्ये खुद्द आइन्स्टाइन इथे अडकले होते. पदार्थ नसलेला एक पोकळ भाग घ्या. बाहेरचं सगळं तसंच ठेवून आतलं मेट्रिक बिंदूंवरून थोडं सरकवलं, तरी समीकरणं सुटतातच. मग आत नक्की काय आहे, हे ठरणार कसं? या धास्तीने सर्व निर्देशकांत चालणाऱ्या समीकरणांचा नाद त्यांनी दोनेक वर्षं सोडला होता! 1915 च्या अखेरीस गाठ सुटली: मेट्रिक बाजूला काढलं तर बिंदूला ओळखच उरत नाही. 'इथे' म्हणजे हे दोन कण जिथे भेटले ते. भेटीगाठी त्याच असतील, तर ती दोन उत्तरं म्हणजे एकच उत्तर.

हे हवेतलं वाटत असेल तर लायगो बघा, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशकालातले तरंग) टिपणारं अमेरिकेतलं उपकरण. त्याचे बाहू 4 किलोमीटरचे. नेहमीच्या एका निर्देशकपद्धतीत गुरुत्वीय लहर जाताना आरशांचे निर्देशक तसूभरही बदलत नाहीत. दुसऱ्या पद्धतीत आरसे चक्क हलतात. मग 14 सप्टेंबर 2015 ला टिपलं काय? दोन्ही बाहूंतून परतलेला प्रकाश एकत्र येताना त्यांच्या कलांमध्ये, म्हणजे प्रकाशलहरींच्या चढउतारांच्या टप्प्यांमध्ये, पडलेला फरक. तो कुठल्याही पद्धतीने काढा, तेवढाच येतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या लायगो-इंडियाचं तत्त्वही हेच.

आणि हो, 'या सिद्धांतात आधीपासून काहीच ठरलेलं नसतं' असं कुणी सांगितलं, तर तेही जसंच्या तसं घेऊ नका. मिती चार आणि त्यातली एक काळाची, हे आपण सुरुवातीलाच धरून चालतो. समीकरणांतून ते निघत नाही.