शंभर वर्षांपूर्वीची एखादी लाकडी शिडाची यॉट आज बघायला मिळते का?

हो, डब्लिनला जा आणि 'आसगार्ड' बघा. १९०५ साली नॉर्वेच्या लार्विकमध्ये कॉलिन आर्चरने बांधलेली ही दोन डोलकाठ्यांची, ५१ फुटांची नौका. लेखक अर्स्किन चाइल्डर्स आणि त्याची बायको मॉली यांना मॉलीच्या आईवडिलांनी लग्नात दिलेला आहेर! (आहेर असावा तर असा.)

हौसेची ही बोट इतिहासात गेली ती बंदुकांमुळे. जुलै १९१४ मध्ये बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ, भर समुद्रात, एका जर्मन टगवरून (जहाजं ओढणाऱ्या बोटीवरून) ९०० जुन्या माउझर रायफली हिच्यात भरल्या. गवतात बांधलेल्या रायफलींनी केबिन खच्चून भरली, वर गाद्या टाकून मंडळी झोपली. २६ जुलैला डब्लिनजवळच्या हाउथ बंदरात शिरताना सुकाणूवर होती लहानपणापासून पायाने अधू असलेली मॉली. खुणेसाठी अंगात लाल स्कर्ट. माल घेणारे होते आयरिश व्हॉलंटियर्स, म्हणजे आयरिश स्वराज्यासाठी उभी राहिलेली स्वयंसेवक सेना.

पुढे १९२२ च्या आयर्लंडमधल्या यादवीत चाइल्डर्सला गोळ्या घातल्या. बोट विकली गेली. १९६१ मध्ये आयर्लंड सरकारने ती विकत घेतली, काही वर्षं तिच्यावर पोरांना शीडकाम शिकवलं, मग डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगाच्या आवारात ठेवली. २००७ ते २०१२ मध्ये रीतसर जतनकाम झालं. आता ती राष्ट्रीय संग्रहालयाच्या कॉलिन्स बराक्समध्ये आहे.